ई-पुस्तकाच्या कोडवर कानस मारताना

पहिल्या वर्षी फिटिंग शॉपमध्ये तो चौकोनी लोखंडी ठोकळा आपण सगळ्यांनीच घासला आहे. हाताला फोड येईपर्यंत घासायचा, मग सर येणार, ट्राय स्क्वेअर लावून ठोकळा उजेडाकडे धरणार आणि फटीतून उजेड दिसला की काही न बोलता परत आपल्या हातात देणार. माझा ठोकळा तर शेवटी इतका लहान झाला होता की सरांनी विचारलं, "अरे, हा ठोकळा आहे की फासा?"

तेच सर आमचं पहिलं वर्ष संपलं त्या सुमारास निवृत्त झाले. सह्याद्रीतल्या चाळीसेक वर्षांच्या भटकंतीवर त्यांनी एक पुस्तक लिहिलं होतं, मोजक्या प्रती स्वतःच छापल्या होत्या आणि त्या संपल्याही होत्या. आता त्यांच्या एका डोळ्याने जवळपास दिसत नाही आणि दुसऱ्याला अक्षर बरंच मोठं लागतं. मुलाने टॅब्लेट आणून दिला. सरांना स्वतःचं पुस्तक एकदा पुन्हा वाचायचं होतं. डीटीपीवाल्याकडची जुनी फाइल त्यांच्याजवळ होती. मी मोठ्या तोऱ्यात म्हटलं, "सर, द्या इकडे, दिवाळीच्या सुट्टीत ई-पुस्तक करून देतो."

त्या सुट्टीत जे शिकलो ते इथे लिहितो आहे. हॉस्टेलमध्ये दर दोन खोल्यांमागे कोणीतरी आजोबांच्या आठवणी, नाहीतर वडिलांच्या कविता 'डिजिटल' करायच्या विचारात असतं, त्यांना उपयोग होईल.

आधी ई-पुस्तक म्हणजे काय ते बघू. ईपब नावाची जी फाइल असते ती खरं तर एक झिप फाइल आहे. विश्वास नसेल तर तिचं एक्स्टेन्शन बदलून झिप करा आणि उघडा. आत प्रकरणांची एक्सएचटीएमएल पानं, दिसण्याचे नियम सांगणारी सीएसएस फाइल, चित्रं, फाँट आणि या सगळ्याची यादी व क्रम ठेवणारी एक ओपीएफ फाइल सापडेल. थोडक्यात, बांधून ठेवलेली एक छोटी वेबसाइट. २००७ साली हे स्वरूप ठरलं, २०११ साली ईपब ३ आलं आणि आता त्याचं काम डब्ल्यू३सी, म्हणजे वेबची मानकं ठरवणारी संस्थाच बघते. तेव्हा ज्याला थोडंफार एचटीएमएल येतं त्याला ई-पुस्तकाचं पोट उघडून दुरुस्ती करता येते.

सरांची फाइल युनिकोडच्या आधीच्या जमान्यातली होती. त्या काळच्या फाँटमध्ये आतून इंग्रजी अक्षरांचे क्रमांक आणि वरून मराठी अक्षरांची चित्रं असत. तो फाँट संगणकावर नसला की पडद्यावर नुसता इंग्रजी कचरा दिसतो. कन्व्हर्टर लावून मजकूर युनिकोडमध्ये आणला, वर्डमध्ये चिकटवला, वेब पेज म्हणून सेव्ह केला, त्याचं ईपब केलं. एका संध्याकाळचं काम! पुस्तक टॅब्लेटवर उघडलं, दिसलंही छान. सरांनी अक्षर मोठं करायचं बटण दाबलं. शीर्षकं मोठी झाली. मजकूर जिथल्या तिथे. पुन्हा दाबलं. काही नाही. सर म्हणाले, "पुस्तक तर झालं, पण मला काय उपयोग?"

असं का झालं हे कोड उघडल्यावर कळलं. वर्डने जवळजवळ प्रत्येक शब्दाभोवती स्पॅन टॅग गुंडाळला होता आणि त्यात लिहिलं होतं, अक्षराचा आकार १२ पॉइंट. पॉइंट हे कागदावरचं माप, पक्कं. काही रीडर असं माप दिसलं की तेच खरं मानतात आणि वाचणाऱ्याने बटण दाबलं तरी जुमानत नाहीत. हवं होतं एम हे माप, जे वाचणाऱ्याने ठरवलेल्या आकाराच्या पटीत चालतं. १.५ एम म्हणजे त्याच्या मूळ अक्षराच्या दीडपट, मग ते मूळ अक्षर केवढंही असो.

त्याखेरीज कचरा किती! परिच्छेदातलं अंतर दाखवायला रिकामे परिच्छेद. न तुटणाऱ्या स्पेसच्या रांगा. ओळींची उंची पक्क्या पॉइंटमध्ये, त्यामुळे वरच्या ओळीचा उकार आणि खालच्या ओळीची वेलांटी एकमेकांच्या अंगावर. (मराठीला वर रफार-वेलांटी आणि खाली उकार, तेव्हा ओळींना मोकळी जागा लागतेच, ओळीची उंची अक्षराच्या दीडपट तरी ठेवावी.) शिवाय अस्सल मराठी परिच्छेदांवर 'भाषा: अमेरिकन इंग्रजी' असा शिक्का. हा शिक्का दिसत नाही, पण टॅब्लेटला पुस्तक मोठ्याने वाचायला सांगितलं की तो मराठी मजकूर इंग्रजी आवाजात वाचायला जातो आणि मग जे ऐकू येतं ते लिहिण्यासारखं नाही. आणि सगळ्यात कहर म्हणजे काही ठिकाणी एकाच शब्दाचे दोन स्पॅन, तेही वेगवेगळ्या फाँटचे. व्यंजन एका स्पॅनमध्ये आणि काना दुसऱ्यात पडला, तर बिचारा काना ठिपक्यांच्या गोलावर एकटा उभा राहतो.

हे सगळं हाताने काढायचं म्हटलं तर डिग्री संपेल. म्हणून साधनं.

ई-पुस्तकाचा कोड थेट संपादित करायला दोन फुकट आणि चांगले एडिटर आहेत. एक सिजिल, २००९ पासूनचा. दुसरा कॅलिबरमधला 'एडिट बुक'. कॅलिबर हे कोविद गोयल यांनी २००६ मध्ये सुरू केलेलं सॉफ्टवेअर, त्यात हा एडिटर २०१३ मध्ये आला. दोन्हींना प्लगइन जोडता येतात. प्लगइन म्हणजे लेथला लावायची अटॅचमेंट समजा, मशीन तेच, एक ठराविक काम पटकन करून देणारा जोड. सिजिलमध्ये ही सोय २०१४ मध्ये आली. प्लगइन झिप फाइलमध्येच मिळतो, तो उघडून पसरायचा नाही, 'मॅनेज प्लगइन्स'मध्ये जाऊन ती झिप तशीच द्यायची. विंडोजवर सिजिलसोबत पायथॉन आधीच येतं, वेगळं टाकायची गरज नाही.

आता कोणी म्हणेल, प्लगइन कशाला, फाइंड-रिप्लेस आहे की! मीही तेच म्हटलं होतं. रेग्युलर एक्स्प्रेशन लिहिलं, सगळे टॅग पकडायला <.*> असं. रिप्लेस ऑल. ज्या ज्या ओळीत टॅग होते तिथला मजकूरही गायब, कारण तारा हा खादाड प्राणी आहे. ओळीतल्या पहिल्या कंसापासून शेवटच्या कंसापर्यंत मधलं सगळं तो गिळतो. त्याला प्रश्नचिन्ह जोडून <.*?> केलं की तो पहिल्याच बंद कंसाशी थांबतो. इथवर ठीक. पण स्पॅनच्या पोटात स्पॅन असला तर? बाहेरच्या स्पॅनची सुरुवात पकडली जाते आणि शेवट मात्र आतल्या स्पॅनचा. जोड्या फुटतात. कॉम्प्युटरवाले मित्र ऑटोमाटाच्या पेपरात पंपिंग लेमा लावून सिद्ध करतात की साध्या रेग्युलर एक्स्प्रेशनला कितीही खोल गेलेले कंस जुळवता येत नाहीत. मला वाटायचं हे फक्त परीक्षेपुरतं. नाही हो, ते माझ्या सातव्या प्रकरणात प्रत्यक्ष घडलं.

म्हणून इथे टॅगमेकॅनिक हा सिजिलचा प्लगइन वापरायचा. (नावातच मेकॅनिक असल्याने मला लगेच आपलासा वाटला. कॅलिबरच्या एडिटरसाठी 'डायॅप्स एडिटिंग टूलबॅग' हा त्याचाच भाऊ.) हा मजकूर आंधळेपणाने शोधत नाही, उघडणारा आणि बंद होणारा टॅग जोडीने ओळखतो. त्याला सांगायचं ते असं: कोणता टॅग, त्यावर कोणतं अॅट्रिब्यूट, त्याची किंमत काय, आणि टॅग पुसायचा की बदलायचा. पुसायचा असेल तर आतला मजकूर ठेवायचा की तोही टाकायचा हे तो वेगळं विचारतो. या प्रश्नाचं उत्तर देताना झोपेत राहू नका.

आणि इथे क्रम महत्त्वाचा आहे. सगळे स्पॅन एकदम उडवायचा मोह होतो. थांबा. सरांच्या पुस्तकात त्यांच्या एका दिवंगत सोबत्याच्या वहीतल्या नोंदी जागोजागी येतात. छापील पुस्तकात त्या तिरप्या अक्षरात होत्या, तेवढ्यावरूनच कळायचं की आता सर बोलत नाहीत, तो मित्र बोलतो आहे. वर्डने हे तिरपेपण कुठे ठेवलं होतं? त्याच घाणेरड्या स्पॅनमध्ये, १२ पॉइंटच्या शेजारी. सगळे स्पॅन काढले असते तर दोघांचे आवाज एकमेकांत मिसळले असते आणि कोणत्याही तपासणीत ते सापडलं नसतं, कारण कोड तर स्वच्छच दिसला असता.

तेव्हा आधी फक्त तिरपेपणा असलेले स्पॅन पकडून ते जोर दाखवणाऱ्या ईएम टॅगमध्ये बदलले, ठळक असलेले स्ट्राँगमध्ये. (मापातला एम वेगळा आणि हा टॅग वेगळा, गोंधळू नका.) वहीच्या लांब नोंदी पुढे उताऱ्याच्या टॅगमध्ये घातल्या, डावीकडे समास सोडून, कारण मराठी अक्षर तिरपं केलं की वाचायला त्रास होतो आणि सरांच्या डोळ्यांना तर जास्तच. अर्थ असा सुरक्षित जागी हलवल्यावर उरलेले फाँट, आकार आणि भाषेचे स्पॅन पुसले. भाषेची खूण प्रत्येक पानाच्या मुख्य टॅगवर एकदाच, मराठी म्हणून. मग रिकामे परिच्छेद काढले आणि अंतराचा नियम सीएसएसमध्ये एका ओळीत लिहिला. शेवटी कॅलिबरच्या एडिटरमधलं 'न वापरलेले सीएसएस नियम काढा' हे साधन चालवलं आणि वर्डने भरलेली भलीमोठी स्टाइलशीट दोन बोटं उंचीची झाली. फाँट म्हणून 'मुक्त' हा एक टाइपचा मुक्त परवान्याचा फाँट आत घातला.

सरांनी बटण दाबलं आणि अक्षर मोठं झालं. आणखी दाबलं, आणखी मोठं झालं. पानावर सात ओळी राहिल्या तेव्हा सर थांबले आणि वाचायला लागले. मला वाटलं, जिंकलो.

दोन दिवसांनी फोन. "काय रे, हरिश्चंद्रगडावरून समुद्र कधीपासून दिसायला लागला?"

मला कळेचना. सरांनी वाचून दाखवलं. कोकणकड्यावर पोटावर झोपून खाली पाहिलं की दिसणाऱ्या खोल दऱ्यांचं वर्णन होतं. माझ्या आवृत्तीत तिथे 'दर्या' होता. 'दऱ्याखोऱ्यांतून'चं 'दर्याखोर्यांतून' झालं होतं. पुढचं तर विचारू नका. एका मुक्कामात आचाऱ्याने आमटीत दोनदा मीठ घातलं आणि सगळ्यांनी आचाऱ्याला शिव्या दिल्या, असा प्रसंग आहे. माझ्या कृपेने त्या शिव्या आचार्यांना गेल्या होत्या. सर हसत होते, पण मग म्हणाले, "वऱ्हाडातले माझे दोन मित्र हे वाचणार आहेत. त्यांचं गाव तरी नीट लिही."

झालं काय होतं? दऱ्या, दुसऱ्या, वऱ्हाड, कुऱ्हाड यांतला तो अर्धा र डोक्यावर रफार होऊन चढत नाही, य किंवा ह च्या आधी आडव्या बाकासारखा बसतो. युनिकोडमध्ये तो लिहायच्या दोन रीती आहेत. एक म्हणजे ऱ हे स्वतंत्र अक्षर घेऊन त्याला हलंत करायचं. दुसरी म्हणजे साधा र, हलंत आणि त्यानंतर 'झीरो विड्थ जॉइनर' नावाचं रुंदी नसलेलं, डोळ्यांना न दिसणारं चिन्ह, क्रमांक २००डी. डोळ्यांना दोन्ही एकसारखंच दिसतं. माझ्या कन्व्हर्टरने दुसरी रीत वापरली होती.

आणि मी? मी कुठेसं वाचलं होतं की शून्य रुंदीची चिन्हं म्हणजे वर्डमधून येणारा कचरा. काही असतातही. इंग्रजी पुस्तकात ती काढली तर सहसा कोणाचं बिघडत नाही. म्हणून टॅग साफ झाल्यावर मी २००बी पासून २००एफ पर्यंतची सगळी चिन्हं एका फटक्यात उडवली होती. जॉइनर गेला, आणि र ने आपला स्वभाव दाखवून रफार घेतला.

गंमत म्हणजे यानंतर ईपबचेक चालवलं होतं. हा ईपबची अधिकृत तपासणी करणारा प्रोग्राम, सिजिलला प्लगइन म्हणून जोडता येतो. त्याने शून्य चुका दाखवल्या. त्याचं तरी काय चुकलं? टॅगांच्या जोड्या जुळल्या, फाइलींची यादी बरोबर, चित्रं जागेवर. हरिश्चंद्रगडाखाली समुद्र आहे की दरी, हे त्याला कोण सांगणार?

तो ठोकळा आठवला. कानस मारण्याआधी माप आणि मारल्यानंतर माप. मी फक्त चकाकी बघत होतो.

हे माप घ्यायची सोय दोन्ही एडिटरमध्ये आधीपासून आहे. 'रिपोर्ट्स'मध्ये पुस्तकात वापरलेल्या प्रत्येक अक्षर-चिन्हाची यादी मिळते, कॅलिबरच्या यादीत ते किती वेळा आलं तेही. सुरुवातीच्या प्रतीत जॉइनर हजाराच्या वर होते, साफ केलेल्या प्रतीत शून्य. ही एक ओळ मी त्याच रात्री पाहिली असती तर आचार्यांची बेअब्रू टळली असती. दुसरा उपाय, आधीच्या आणि नंतरच्या दोन्ही प्रती कॅलिबरमधून साध्या टेक्स्ट फाइलमध्ये बदलायच्या आणि नोटपॅड प्लस प्लसच्या 'कंपेअर' प्लगइनने शेजारी शेजारी ठेवायच्या. टॅग गेल्यावर उरतो तो मजकूर, आणि आपण फक्त टॅग साफ केले असतील तर जागा आणि रिकाम्या ओळी सोडून फरक निघता कामा नये. हे करायला दहा मिनिटं लागतात.

सुदैवाने पहिली प्रत मी ठेवली होती. (ठेवलीच पाहिजे. कॅलिबरच्या एडिटरमध्ये 'चेकपॉइंट' आहे, तरी मूळ फाइल पेन ड्राइव्हवर वेगळी टाका, हा माझा हट्ट समजा.) सगळं पहिल्यापासून केलं. या वेळी सर्वांत आधी र, हलंत, जॉइनर ही तिकडी शोधून तिच्या जागी ऱ आणि हलंत ठेवलं. याचा आणखी एक फायदा झाला. पूर्वी 'दुसऱ्या' शोधलं की काही जागा सापडत आणि काही नाही, कारण सरांनी वर्डमध्ये नंतर केलेल्या दुरुस्त्या पहिल्या रीतीने टाइप झाल्या होत्या. आता सगळं एका रीतीत आलं. उरलेले जॉइनर एकेक पाहून ठरवले. त्यांतले बरेच 'श्‍वास'सारख्या शब्दात अक्षराचं अर्धं रूप दाखवण्यापुरते होते, त्यांना हात लावला नाही.

मग वाटलं, आपणच एक प्लगइन लिहावा. सिजिलचा प्लगइन वाटतो तेवढा अवघड नाही, दुसऱ्या वर्षाच्या पायथॉनमध्ये भागतं. एका फोल्डरमध्ये दोन फाइली: एकात प्लगइनचं नाव आणि प्रकार, दुसरीत 'रन' नावाचं फंक्शन. सिजिल त्या फंक्शनच्या हातात सगळं पुस्तक देतो. त्यातून एकेक पान 'रीडफाइल'ने वाचायचं, हवं ते करायचं, 'राइटफाइल'ने परत लिहायचं आणि काम नीट झालं तर शून्य परत करायचं. माझ्या प्लगइनमध्ये कामाचं असं एकच आहे. तो पान साफ करण्याआधी टॅग आणि जागा वगळून उरलेला मजकूर बाजूला काढतो, साफ केल्यावर पुन्हा काढतो, आणि दोन्ही तंतोतंत जुळले तरच राइटफाइल करतो. नाही जुळले तर पान जसंच्या तसं सोडतो आणि पानाचं नाव छापतो. मेट्रॉलॉजीतला गो-नोगो गेज, दुसरं काही नाही. सगळा मिळून पन्नास ओळींचा आहे आणि दिसायला अगदी भिकार आहे.

पहिल्याच दिवशी त्याने दोन पानं परत केली. एकात मी पानाचे क्रमांक काढताना डोंगराची उंचीही काढून टाकली होती. दुसऱ्यात एक जुना कंस हरवला होता.

तिसऱ्या खेपेला सरांनी पुस्तक पूर्ण वाचलं, आठ दिवस घेऊन. टाइप करतानाच्या जुन्या, छापील पुस्तकातल्याच एकोणीस चुका त्यांनी वहीत लिहून पाठवल्या, म्हणाले या तुझ्या नव्हेत, माझ्या आहेत. वऱ्हाडातल्या मित्रांनाही प्रत गेली.

सरांच्या परवानगीने ईपब आणि प्लगइन दोन्ही हॉस्टेलच्या रीडिंग रूममधल्या संगणकावर ठेवले आहेत. पेन ड्राइव्ह घेऊन या. आचाऱ्याचा प्रसंग सातव्या प्रकरणात आहे, आणि माझी पहिली, आचार्यांची आवृत्तीही सरांच्याच आग्रहाने वेगळ्या फोल्डरमध्ये जपून ठेवली आहे.